आडनावाची गोष्ट : वाचकांचे प्रश्न – बंदी घातलेले मॅकग्रेगर

माझी मुलगी ग्लासगोला असते. जावयांचे आडनाव मॅकग्रेगर. त्यांचे आजोबा सांगतात, की एके काळी हे नाव उच्चारायलाही बंदी होती. हे खरे आहे की घरातली आख्यायिका? (एक वाचक, नाशिक)

खरे आहे, ताई. आणि आजोबांनी ते अजून सांगावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

मॅकग्रेगर मूळचे ग्लेन ऑर्ची, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लायन या डोंगराळ भागातले. ग्लेन म्हणजे चिंचोळी दरी. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथे राहिले, पण जमिनीचे राजाच्या मोहरेचे कागद हळूहळू शेजारच्या कॅम्पबेलांच्या हाती गेले. कसणारा एक आणि कागद दुसऱ्याकडे, ही स्थिती आपल्या गावांतूनही कुणाला नवी नाही. पुढचे सगळे त्यातूनच झाले : गुरे पळवणे, सूड, जाळपोळ. 1570 मध्ये ग्लेन स्ट्रेच्या ग्रेगरचे डोके ग्लेन ऑर्चीच्या कॅम्पबेलने उडवले. ग्रेगरची बायको स्वतः कॅम्पबेलांची लेक होती. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन तिने केलेला विलाप म्हणून एक अंगाईगीत गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत आजही गातात.

फेब्रुवारी 1603 मध्ये लॉख लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रूनमध्ये मॅकग्रेगरांनी कहून घराण्याच्या माणसांची मोठी कत्तल केली आणि शेकडो गुरे हाकून नेली. त्याच सुमाराला इंग्लंडची एलिझाबेथ राणी वारली आणि स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सला लंडनची गादी मिळाली. त्याने एडिंबरा सोडण्याच्या दोनच दिवस आधी, 3 एप्रिल 1603 ला, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हुकूम काढला : मॅकग्रेगर हे नाव रद्द. ज्याचे असेल त्याने दुसरे घ्यावे, नाहीतर मरणाची शिक्षा. प्रमुख अॅलस्टर मॅकग्रेगर कॅम्पबेलांचा म्होरक्या असलेल्या अर्गाइलच्या अर्लला (अर्ल म्हणजे मोठा सरदार) शरण आला. सुखरूप इंग्लंडात पोचवण्याचे वचन त्याला मिळाले होते. ते अक्षरशः पाळले गेले, असे सांगतात : त्याला सीमेपलीकडे इंग्लंडच्या मातीवर उभे केले आणि तसेच परत आणले. जानेवारी 1604 मध्ये एडिंबऱ्यात त्याला फाशी झाली.

1613 चा कायदा तर वाचवत नाही. पूर्वी मॅकग्रेगर म्हणवणाऱ्या चारांहून जास्त माणसांनी एकत्र जमायचे नाही, आणि जवळ हत्यार म्हणून फक्त जेवताना मांस कापायची सुरी, तीही टोक मोडलेली.

मग ही माणसे दीडशे वर्षे कोणत्या नावाने जगली? आणि आज जे मरी किंवा ड्रमंड आहेत, ते सगळे मूळचे मॅकग्रेगर का? (एक वाचक, ठाणे)

ज्याच्या जमिनीवर आसरा मिळाला, त्याचे नाव लावून. मरी, ड्रमंड, ग्रॅहम, स्टुअर्ट, ग्रँट, आणि ज्यांच्याशी उभे वैर त्या कॅम्पबेलांचेसुद्धा. दुसऱ्या चार्ल्सने 1661 मध्ये बंदी उठवली, तिसऱ्या विल्यमच्या राज्यात 1693 मध्ये ती पुन्हा लागली आणि कायमची सुटका झाली ती 1774 मध्ये. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत काही मुलांचा बाप्तिस्मा खऱ्या नावाने झाला, आणि पुढे त्यांनाच ते टाकावे लागले. पुढे लोककथांचा नायक झालेला रॉब रॉय हा त्यांतलाच. 1671 मध्ये लॉख कॅट्रिनच्या वरच्या अंगाला जन्मलेला हा मॅकग्रेगर बंदी परतल्यावर आईचे आडनाव लावून ‘रॉबर्ट कॅम्पबेल’ अशी सही करी. 1734 मध्ये तो वारला. बाल्विडरच्या चर्चच्या आवारात त्याचे थडगे आहे.

1774 नंतर सगळेच परतले नाहीत. ज्या घराला दोन-तीन पिढ्या मरी नावाची सवय झाली, त्याने तेच ठेवले. इतर काहींच्या नोंदीत दोन्ही नावे मध्ये ‘ऊर्फ’ घालून जोडीने दिसतात. पण म्हणून प्रत्येक ड्रमंड मॅकग्रेगर ठरत नाही. ड्रमंड हे स्वतंत्र, जुने आणि मोठे घराणे. उलट, प्रत्येक मॅकग्रेगर एकाच रक्ताचा हेही खरे नाही, कारण क्लॅनच्या आश्रयाला आलेली कुळेही प्रमुखाचे नाव घेत. ‘क्लॅन’चा गेलिक अर्थ ‘मुलेबाळे’ असला तरी त्यात जन्माने आलेले आणि निष्ठेने आलेले असे दोघेही असत. माझ्या मते आडनावाकडे रक्ताचा पुरावा म्हणून पाहण्यात आपण फार घाई करतो.

‘मॅक’ पूर्ण (Mac) लिहिले की स्कॉटिश आणि आखूड (Mc) लिहिले की आयरिश, असे ऐकले आहे. (एक वाचक, नागपूर)

नाही. आखूड रूप हा लेखनिकाचा संक्षेप, बाकी काही नाही. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडते. मॅक म्हणजे मुलगा. आणि ग्रेगर म्हणजे ग्रेगरी, ज्याचा ग्रीक अर्थ ‘जागा असणारा’. हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, सामान्य माणसात हे ‘मॅक’ कितीतरी काळ आपल्या मधल्या नावासारखे चाले. बापाचे नाव लागायचे आणि पुढच्या पिढीत बदलायचे. ते गोठून आडनाव झाले ते पुष्कळ उशिरा. आणि मुलीला गेलिकमध्ये मॅक लागतच नाही, ‘निक’ लागते : निक ग्रिगर. इंग्रजी कागदांनी लेकींनाही ‘मुलगा’ करून टाकले, याची मला कायम हळहळ वाटते.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ आमच्या साताऱ्याचा रेसिडेंट होता. ही दोन आडनावे कशी? (एक वाचक, सातारा)

साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी होता तेव्हा तो नुसता कॅप्टन जेम्स ग्रँट होता. जन्म 1789 चा, बँफ गावचा. त्याच्या आईचे माहेर ईडन इस्टेटीचे डफ. मायदेशी परतल्यावर आईकडची ती इस्टेट त्याच्याकडे आली आणि तिच्याबरोबर डफ हे नावही. स्कॉटलंडमध्ये हे नेहमीचे होते : वतन हवे तर वतनाचे नाव चालवा. म्हणून 1826 चा त्याचा इतिहास ग्रँट डफ या नावाने आला. डफ हा गेलिक ‘दुव’ म्हणजे काळा, आपल्याकडचे काळे. ग्रँट मात्र नॉर्मन फ्रेंचमधून आलेले, अर्थ मोठा, थोर.

याहून बोलके उदाहरण त्याच्याच घरात आहे. मुलाचे नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले, मुंबईच्या गव्हर्नराच्या प्रेमाखातर. एल्फिन्स्टन हे मुळात एडिंबऱ्याच्या पूर्वेला असलेल्या एका गावाचे नाव. ‘कर’ न लावता गावाचे आडनाव झाले, आडनावाचे पाळण्यातले नाव झाले, आणि त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गव्हर्नरावरून मुंबईच्या एका स्टेशनलाही मिळाले. 2018 मध्ये त्या स्टेशनचे प्रभादेवी झाले.

कहून हे नाव इंग्रजीत (Colquhoun) पाहिले तर उच्चाराशी काही ताळमेळ नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

स्कॉटिश लिपिकांची जुनी वळणे तशीच राहिली. मेन्झिस (Menzies) लिहिलेले ‘मिंगिस’ म्हणतात, त्यालाही कारण आहे. जुन्या स्कॉट्स भाषेत ‘योख’ नावाचे अक्षर होते. छापखान्यात त्याचा खिळा नव्हता म्हणून दिसायला जवळचे झेड बसवले, आणि पुढे लोक झेडच वाचू लागले.

नातवासाठी वंशावळ काढायची आहे. सुरुवात कुठून करू? (नाशिकच्याच वाचक)

1855 पासून. त्या वर्षी 1 जानेवारीला स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सुरू झाली, आणि पहिल्या वर्षीचे फॉर्म नशिबाने फार मोठे होते. जन्माच्या दाखल्यात आईबापांचे वय, त्यांचे जन्मगाव, लग्न कधी-कुठे झाले, आधीची मुले किती, हे सगळे विचारले आहे. लिहिता लिहिता कारकून थकले असावेत, कारण 1856 मध्ये यातले बरेच रकाने गाळले. तुमच्या जावयांच्या घरात 1855 चा एखादा जन्म निघाला, तर तो आधी काढा. स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर या नोंदी मिळतात. त्याआधीचे धागे पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, जुन्या वह्यांत. त्यांतली सर्वांत जुनी एरल गावची, 1553 ची. पर्थशरच्या वह्या पाहताना मात्र मरी, ड्रमंड, कॅम्पबेल ही पानेही उलटा.

आणि मुलीला म्हणावे, एखाद्या रविवारी सासऱ्यांबरोबर जुन्या दफनभूमीत जाऊन ये. स्कॉटलंडमध्ये बायकांचे माहेरचे आडनाव लग्नानंतर पुसले जात नसे. दगडावर नवऱ्याच्या नावाखाली ‘आणि त्याची पत्नी’ म्हणून तिचे नाव माहेरच्या आडनावासकट कोरलेले असते. शेवाळ मऊ ब्रशने झाडा, तिरप्या उन्हात अक्षरे वर येतात. फोटो काढताना तिचे आडनाव आधी टिपा.