थ्रिलरच्या पहिल्या सीनमध्ये जॉनर आणि पात्रं कशी उभी करतात?

तुम्ही विचारलंय की थ्रिलरच्या पहिल्याच सीनमधून जॉनर (म्हणजे चित्रपटाचा प्रकार) आणि पात्रं कशी कळतात, आणि तुमच्या शॉर्ट फिल्मची सुरुवात अंधारात धावणाऱ्या मुलीने केली तर चालेल का. चालेल की. फक्त अंधार, पाऊस, धाप लागल्याचा आवाज एवढ्याने थ्रिलर होत नाही, ते सगळं भयपटातही असतं. माझ्या मते पहिल्या सीनमध्ये ठरवायची मुख्य गोष्ट एकच: कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही.

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात बघा. पहिल्याच फ्रेममध्ये बॉम्बचा टायमर लावणारे हात. तो माणूस पळत जाऊन बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवतो आणि पसार होतो. एक जोडपं येतं, गाडीत बसतं, निघतं. मग तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा कुठेही कट न होता रस्त्यावरून फिरत राहतो. गाडी गर्दीत अडकते, शेळ्या आडव्या येतात, बाजूने एक नवविवाहित जोडपं गप्पा मारत चाललेलं असतं. नायक आणि त्याची बायको ती हीच. सीमेवरच्या चौकीत गाडीतली बाई म्हणते की डोक्यात सारखी टिकटिक होतेय, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. खरं तर पडद्यावर एक साधी संध्याकाळ चालली आहे, पण आपल्याला डिकीतलं माहीत असल्यामुळे प्रत्येक अडथळा छातीवर येतो. गाडी नायकाजवळ आली की जीव वर, पुढे गेली की जरा खाली. त्याच्याबद्दल अजून फारसं काही कळलेलं नसताना आपण त्याची काळजी करायला लागलेलो असतो.

जमलं तर या सीनच्या दोन्ही आवृत्त्या शोधून पाहा. स्टुडिओने त्यावर टायटल्स आणि संगीत चढवलं होतं. वेल्सच्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये पुन्हा संकलन झालं, तेव्हा टायटल्स निघाली आणि रस्त्यावरचे आवाज ऐकू यायला लागले. पहिल्या आवृत्तीत डोळा नावं वाचायला जातो आणि गाडी निसटते. लक्ष कुठे ठेवायचं हा निर्णय किती मोठा असतो, ते मला या दोन आवृत्त्या पाठोपाठ पाहिल्यावर समजलं.

पात्रांसाठी हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४). आवाज बंद करून पाहिलात तरी चालेल, कारण नायक तिथे झोपलेला आहे. कॅमेरा आधी खिडकीबाहेरचं अंगण फिरून येतो. मग कपाळावरचा घाम, थर्मामीटर, शेजाऱ्यांच्या खिडक्या, पायाचं प्लास्टर, मोडलेला कॅमेरा, शर्यतीच्या गाडीला झालेल्या अपघाताचा फोटो. एकही वाक्य न बोलता कळतं की हा फोटोग्राफर आहे, धोक्याच्या जवळ जायची त्याला सवय आहे, त्यातच पाय मोडला आणि आता तो खुर्चीत अडकलाय. फ्रेममध्ये लावलेली एका स्त्रीची निगेटिव्ह आणि शेजारी मासिकांच्या मुखपृष्ठावर तोच चेहरा, हे तर मला फारच आवडतं. आणि अंगण आधी दाखवल्यामुळे दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावायची सवय आपल्याला त्याच्याआधीच लागलेली असते.

‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये (१९९१) एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस जंगलातल्या सरावाच्या वाटेवर एकटी धावते. तिचा पाठलाग कोणीही करत नाहीये. थोड्या वेळाने ती लिफ्टमध्ये शिरते तर आजूबाजूला लाल शर्टातले उंच पुरुष, आणि मधे घामेजलेली ही. तिची जागा कुठे आहे ते त्या लिफ्टमध्ये कळतं. तुमचीही मुलगी धावते आहे, म्हणून हा सीन मुद्दाम पाहा.

‘टच ऑफ ईव्हिल’च्या अगदी उलट ‘अंधाधुन’ (२०१८): कोबीचं शेत, एक ससा, मागे बंदूकवाला. तिथे आपल्याला काहीच माहीत नसतं आणि दिग्दर्शक श्रीराम राघवन ते अगदी शेवटाकडे येईपर्यंत सांगतही नाहीत. हे करायला धीर लागतो. छोट्या फिल्ममध्ये मी ते टाळेन, त्याचा उलगडा करायला पुरेसा वेळ मिळत नाही.

आता तुमची मुलगी. तिला नुसती धावू देऊ नका, धावताना तिला एक निर्णय घ्यायला लावा. समजा ती मधेच थांबते, चपला काढते आणि टाकून न देता नीट हातात धरून पुढे जाते. म्हणजे तिला आवाज होऊ द्यायचा नाही, मागे खूणही ठेवायची नाही, आणि ती घाबरली असली तरी डोकं ठिकाणावर आहे. मग कॅमेरा तिच्यासोबत न नेता तिथेच ठेवा, आणि ती ज्या दिशेने गेली तिकडच्या एका घरात दिवा लागलेला फक्त आपल्याला दिसू द्या. ती कोणापासून पळतेय हे तिसऱ्या सीनमध्ये सांगितलंत तरी चालेल.