खडीच्या वाटेसाठी कोणते टायर?

प्रश्न : मी दर रविवारी उपवन तलावाहून येऊरला रोड सायकलने जातो. वाहनांची वर्दळ टाळून कच्च्या वाटांवर जायचे झाल्यास २५ मिमीचे टायर चालतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाहीत. सुट्या खडीत अरुंद टायर रुततो, आणि हवा कमी ठेवावी तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेपून तिला सर्पदंशासारखी शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. ग्रॅव्हल सायकलचे (खडीच्या व कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या सायकलचे) साधारण ४० मिमीचे टायर कमी हवेवरही खडीला धरून चालतात. मात्र आपल्या फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, हे आधी मोजून पाहावे (जुन्या रोड सायकलींत बहुधा नसते). येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, तेव्हा आतल्या पायवाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये.