ध्रुवीय समुद्रातले इवलेसे जीव हिवाळ्यात जगतात कसे? गोठून मरत कसे नाहीत?

बहुतेक जण उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगतात आणि शरीराचा खर्च अगदी कमी करतात. गोठण्याची भीती तशी कमीच, कारण खारं पाणी साधारण उणे १.८ अंशांना गोठतं आणि बर्फाखालचं पाणी त्याहून थंड होत नाही. खरी अडचण उपासमारीची: महिनोन्‌महिने सूर्य नाही, म्हणजे सूक्ष्म शैवाल वाढत नाही, म्हणजे खायला काही नाही.

आर्क्टिकमधले कॅलॅनस जातीचे कोपेपॉड (तांदळाच्या दाण्याएवढे, कवचधारी) उन्हाळ्यात शैवाल खाऊन अंगातल्या पिशवीत मेणासारखी चरबी भरतात. पूर्ण भरलेल्या प्राण्याच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त ही चरबीच असू शकते. मग ते शेकडो मीटर, कधी हजार मीटरहून खोल उतरतात आणि जवळपास निपचित राहतात. या अवस्थेला डायपॉज म्हणतात. कॅलॅनस हायपरबोरियसच्या माद्या तर त्याच साठ्यावर भर हिवाळ्यात अंडीही घालतात!

अंटार्क्टिक क्रिलची (कोळंबीसारखे दिसणारे छोटे जीव) तऱ्हा वेगळी. प्रयोगशाळेत प्रौढ क्रिल २०० दिवसांहून जास्त उपाशी जगले, आणि कात टाकताना चक्क आकाराने लहान होत गेले. पिल्लांना मात्र इतका उपास झेपत नाही. ती बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शैवाल खरवडून खातात.

पण सगळेच झोपतात असं समजू नका. आर्क्टिकच्या ध्रुवीय रात्रीत काही प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे इवलेसे प्राणी) चंद्रप्रकाशानुसार वरखाली ये-जा करताना आढळले आहेत.