'वीक' म्हणजे कमकुवत नव्हे

प्रश्न असा: ऑब्जेक्टिव्ह-सी ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवताना, ऑब्जेक्टकडे (मेमरीतल्या वस्तूकडे) बोट दाखवणाऱ्या स्ट्राँग रेफरन्सला 'सशक्त संदर्भ' आणि वीक रेफरन्सला 'कमकुवत संदर्भ' म्हणावे का, आणि हा कमकुवत संदर्भ नेमका कधी तुटतो?

म्हणू नये. प्रश्नाचा दुसरा भागच सांगतो की या शब्दाने घात केला आहे. कमकुवत म्हटले की ऐकणाऱ्याला थोडेसे धरून ठेवणारा, ताण आला की तुटणारा धागा दिसतो. वीक रेफरन्स थोडेसुद्धा धरत नाही. ऑब्जेक्ट स्ट्राँग चलात ठेवला की त्याचा रिटेन काउंट (त्याला किती जण धरून आहेत ती मोजणी; शून्यावर ऑब्जेक्ट जातो) १ ने वाढतो, वीक चलात ठेवला तर ० ने. अधेमधे कुवतीचे मोजमाप नाही. हजार वीक एकत्र आले तरी ऑब्जेक्टला क्षणभर जगवू शकत नाहीत. नुकताच अलॉक-इनिट केलेला, म्हणजे नवा तयार केलेला, ऑब्जेक्ट थेट वीक चलात ठेवून पाहा: तो तिथेच नष्ट होतो, पुढच्या ओळीवर चलात निल (काहीच नाही) असते, आणि क्लँग हा कंपायलर तशी वॉर्निंगही देतो. म्हणजे तुटत काहीच नाही. ऑब्जेक्ट जातो, आणि त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या वीक चलांची नोंद रनटाइमच्या (प्रोग्राम चालताना मागे काम करणाऱ्या यंत्रणेच्या) तक्त्यात असते म्हणून ती सगळी निल होतात.

'संदर्भ'ही नको. सम् अधिक दृभ्, आणि दृभ् म्हणजे ओवणे, गुंफणे. जो शब्द मुळातच बांधणारा, त्यालाच न बांधणाऱ्या गोष्टीचे नाव कसे द्यायचे? साधा 'दुवा' पुरे.

आता खरा शब्द. रिटेनला मराठीत 'राखणे' आहे, आणि त्याच्याइतका नेमका दुसरा नाही. संस्कृत रक्षति, प्राकृत रक्खइ, मराठी राखतो. राखण, राखीव, मान राखणे, केस राखणे, सगळीकडे अर्थ एकच: जाऊ न देणे. पण मजा पुढे आहे. संस्कृत कोशांत 'रक्षा' म्हणजे राखणही आणि राखही. मराठीत आपण आजही रक्षाविसर्जन म्हणतो. माझ्या मते हा योगायोग नव्हे. राख ही राखणारी वस्तू आहे: कडधान्याला कीड लागू नये म्हणून राख चोळतात, चुलीतला निखारा सकाळपर्यंत राहावा म्हणून राखेखाली झाकतात. क्षार उलटा होऊन राख झाली असे कोणी म्हणेल, तर त्याने आधी हे सांगावे की क्षारापासून सरळ आलेला 'खार' मराठीत असताना ही उलटापालट कशासाठी? मला ती व्युत्पत्ती मुळीच मान्य नाही. राखणे आणि राख, रिटेन आणि डीअलॉक (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड), एकाच धातूच्या पोटी!

म्हणून माझी जोडी: राखता दुवा आणि नुसता दुवा. ज्यांना 'सबल-दुर्बल' शास्त्रशुद्ध वाटते त्यांनी भाषेतलेच तिसरे नाव पाहावे, अनसेफ-अनरिटेन्ड, म्हणजे न राखलेला. तोही काउंट वाढवत नाही, पण ऑब्जेक्ट गेल्यावर निल होत नाही. जुना पत्ता तसाच राहतो आणि पुढचा मेसेज (काम करण्याची सूचना) पाठवला की ॲप कोसळू शकते. निलला मेसेज पाठवला तर काहीच होत नाही, एवढा फरक. २०११ मध्ये एआरसी (राखणे-सोडणे आपोआप करणारी सोय) येईपर्यंत रिटेन-रिलीज हाताने लिहावे लागे, त्यामुळे कोण राखतो हे डोळ्यांसमोर असे. आता ते कंपायलर लिहितो आणि समोर उरतात स्ट्राँग-वीक ही विशेषणे. गोंधळ तिथून सुरू होतो.

'राखता' हे राखणाऱ्याचे विशेषण आहे, धाग्याच्या मजबुतीचे नव्हे, आणि कोडमध्ये नेमके हेच महत्त्वाचे. सेल्फ (ज्याचा कोड चालू आहे तो ऑब्जेक्ट) ब्लॉकला (नंतर चालवायच्या कोडच्या तुकड्याला) राखतो, ब्लॉक सेल्फला राखतो, मग दोघांपैकी कोणाचीच राख होत नाही. ब्लॉकमध्ये नुसते _नाव असे आयव्हार (ऑब्जेक्टचे स्वतःचे चल) लिहिले तरी सेल्फ राखला जातोच. उपाय ठरलेला: बाहेर वीकसेल्फ (सेल्फकडे बोट दाखवणारे वीक चल) करा, ब्लॉकच्या पहिल्या ओळीत त्याचा स्ट्राँगसेल्फ करा, निल असेल तर परत फिरा, आणि पुढे स्ट्राँगसेल्फच वापरा.

हीच युक्ती एनएसटायमरला (ठरावीक वेळाने मेसेज पाठवणाऱ्या टायमरला) टार्गेट, म्हणजे मेसेज घेणारा ऑब्जेक्ट, देताना करणारे मात्र फसतात. वीकसेल्फ दिला तरी टायमर मिळालेल्या ऑब्जेक्टला स्वतःच्या घरात राखतो, इनव्हॅलिडेट (कायमचा बंद) करेपर्यंत. ते इनव्हॅलिडेट डीअलॉकमध्ये लिहिले असेल तर डीअलॉक कधी येतच नाही. आवर्ती टायमर स्क्रीन जातानाच थांबवावा, किंवा आयओएस १० पासूनचा ब्लॉकवाला टायमर घेऊन त्या ब्लॉकमध्ये वीकसेल्फ वापरावा. तरीही डीअलॉकमध्ये इनव्हॅलिडेट हवेच, नाहीतर सेल्फ गेल्यावरही टायमर टिकटिकत राहतो.