मुंबईचं ऑपेरा हाऊस बंद का पडलं होतं आणि पुन्हा कसं उभं राहिलं?

आधी नाटक, मग सिनेमा, मग कुलूप, आणि आता परत रंगमंच. एवढा त्याचा इतिहास.

नाट्य व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर कराका यांनी हे बांधायला घेतलं. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आला, तेव्हा काम अर्धवट असतानाच उद्घाटन उरकलं! (आपल्याकडच्या पुढाऱ्यांनाच उगाच नावं ठेवतो आपण.) ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकांचा, शौक फार टिकला नाही, पण मंच भारी होता. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले. ज्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह जळगावात आहे, तेच हे बालगंधर्व. पृथ्वीराज कपूरही इथे नाटकं करायचे आणि प्रयोग संपला की झोळी धरून दारात उभे राहायचे.

पुढे सिनेमा आला. १९५२ मध्ये गुजरातमधल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी वास्तू घेतली. व्हिडिओ आणि केबलने धंदा बसवला आणि १९९३ मध्ये दारं बंद. भुसावळ-धुळ्याच्या एकपडदा टॉकीजांचंही तेच झालं, फरक इतकाच की त्यांना कोणी वाली नव्हता. इथे मालक घराण्याने आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंना काम दिलं. आधी इमारत पक्की केली, मग जुने फोटो बघून सजावट. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा उघडला, २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

खान्देशातून जाणार असाल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडा. स्टेशन चर्नी रोड.