निगेटिव्हची कड काय सांगते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांचा सूर साधारण एकच आहे: फोटो बिघडले, आता काय बदलू? लेन्स, कॅमेरा की फिल्म? काहीही बदलण्याआधी निगेटिव्ह प्रकाशपेटीवर ठेवून भिंगातून नीट पाहिली, तर दोष कुठल्या टप्प्यावर शिरला ते बहुतेक वेळा तिथेच कळते. म्हणून उत्तरांची सुरुवातही तिथूनच केली आहे.

प्रश्न: इल्फर्डची एचपी5 प्लस ही कृष्णधवल फिल्म 400 आयएसओवर वापरली. आयडी-11 या डेव्हलपरमध्ये 1+1 (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) प्रमाणात, 20 अंश सेल्सिअसला 13 मिनिटे डेव्हलप केली. तरी निगेटिव्ह फिकट आल्या. चूक कॅमेऱ्याची की रसायनाची?

फ्रेम बाजूला ठेवा, आधी कड पाहा. कडेवरचे फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, पण डेव्हलपिंग मात्र त्यांचेही तुमच्याच टाकीत झालेले असते. अक्षरे गडद आणि ठसठशीत आहेत पण फ्रेम फिकट आहेत, तर एक्स्पोजर (फिल्मवर पडलेला प्रकाश) कमी पडले. अक्षरेही पुसट आहेत, तर डेव्हलपिंग कमी पडले. नेहमीच्या एखाद्या चांगल्या रोलची पट्टी शेजारी ठेवून पाहिली की फरक लगेच दिसतो.

दुसरी खूण सावल्यांत असते. एक्स्पोजर कमी पडले की सावलीचे भाग निगेटिव्हवर अगदी पारदर्शक येतात, तपशील नोंदलेलाच नसतो आणि पुढे कितीही डेव्हलप केले तरी तो येत नाही. डेव्हलपिंग कमी पडले की सावलीत तपशील असतो, पण आकाशासारखे उजळ भाग पुरेसे काळे होत नाहीत आणि सगळा फोटो मवाळ, राखाडी दिसतो.

तुमचे प्रमाण आणि वेळ बरोबर आहेत. तेव्हा अक्षरेही पुसट असतील, तर तीन गोष्टी तपासा. पहिली, तापमान. बाटलीत 20 अंश असलेले द्रावण थंड टाकीत ओतले की एक-दोन अंशांनी उतरते. म्हणून टाकीही त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवा आणि थर्मामीटर ओतल्यानंतरही एकदा बुडवा. उलट खोलीच गरम असेल तर 24 अंशांवर काम करून वेळ सुमारे 9 मिनिटांवर आणता येतो. बर्फाने 20 अंश टिकवण्याच्या झटापटीपेक्षा ते बरे. दुसरी, डेव्हलपरचे वय. 1+1 केलेले द्रावण एकदाच वापरायचे आणि टाकून द्यायचे. त्याच द्रावणात दुसरा रोल घातला की तो फिकटच येणार. तिसरी, टाकी हलवणे. इल्फर्डची पद्धत अशी: पहिल्या 10 सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करायची आणि मग दर मिनिटाच्या पहिल्या 10 सेकंदांत पुन्हा चार वेळा. प्रत्येक वेळी टाकी खाली ठेवताना हलकेच आपटा, नाहीतर हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटतात आणि तेवढ्या जागी गोल फिकट ठिपका राहतो.

प्रश्न: कडेवरची अक्षरे गडद आहेत, फ्रेम मात्र फिकट. 1970 च्या आसपासचा एसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, प्रकाश मोजणारा मीटर चालतो. बॅटरी नवी घातली आहे.

मग संशय त्या नव्या बॅटरीवरच. त्या काळातल्या अनेक कॅमेऱ्यांचा मीटर पीएक्स625 या पाऱ्याच्या सेलसाठी बेतलेला होता. तो सेल 1.35 व्होल्ट द्यायचा आणि संपेपर्यंत त्याच पातळीवर टिकायचा. पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. त्याच मापाचा अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टपासून सुरू होतो आणि वापरता वापरता उतरत जातो. जास्त व्होल्टेजमुळे मीटरची सुई जास्त चढते, मीटरला प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि तुम्ही लेन्सचे छिद्र बारीक करता. चूक सगळीकडे सारखी नसते; मंद प्रकाशात एक, कडक उन्हात दुसरी. त्यामुळे आयएसओची चकती थोडी मागे फिरवून हिशेब पूर्ण जुळत नाही.

उपाय दोन. श्रवणयंत्राचा 675 क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे 1.4 व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्थिर राहतो. तो आकाराने लहान असतो, त्यामुळे भोवती कडे (रिंग) लागते. त्याची पट्टी काढली की वापरा न वापरा, तो काही आठवड्यांत संपत जातो आणि त्याची हवेची भोके झाकली गेली तर चालतच नाही. दुसरा उपाय म्हणजे डायोड बसवलेला अ‍ॅडॅप्टर आणि त्यात 1.55 व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल. डायोड जास्तीचे व्होल्टेज खातो आणि सेल दीर्घकाळ टिकतो. रोज कॅमेरा वापरणाऱ्याने हाच घ्यावा. काही कॅमेऱ्यांना मात्र यातले काहीच लागत नाही: पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचा मीटर ब्रिज सर्किटवर चालतो, त्याला व्होल्टेजच्या थोड्या फरकाने काही होत नाही.

प्रश्न: रंगीत फोटोंवर एका बाजूने तांबूस-केशरी पट्टे येतात. प्रत्येक फ्रेमवर नाही. लेन्समधून प्रकाश गळतोय का?

पट्टा फ्रेमच्या चौकटीतच थांबतो की तिच्या बाहेर, फिल्मच्या कडेच्या भोकांच्या रांगेपर्यंत जातो, हे निगेटिव्हवर पाहा. चौकटीतच थांबत असेल तर प्रकाश लेन्सच्या बाजूने आला: शटरचा पडदा किंवा आरशाची पेटी. भोकांपर्यंत गेला असेल तर तो मागच्या दारातून शिरला. तुमच्या पट्ट्यांचा तांबूस रंग दाराकडेच बोट दाखवतो. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल प्रकाशाचा थर सर्वांत खाली, फिल्मच्या पायाला लागून असतो. मागून आलेला प्रकाश पहिल्यांदा त्यालाच गाठतो. काही फ्रेम सुटतात, कारण त्या पटापट पुढे गेल्या. कॅमेरा उन्हात टेबलावर पडून असताना ज्या फ्रेम आत होत्या, त्यांवर पट्टे आले.

कारण जवळपास नेहमीच फोमच्या पट्ट्या. दाराच्या खाचेतला काळा फोम काही वर्षांत डांबरासारखा चिकट होतो आणि बोट लावताच सुटतो. बदलणे अवघड नाही, घाई मात्र नको. फिल्म काढून कॅमेऱ्याचे दार उघडा आणि उघडी बाजू खाली राहील असा तो धरा, म्हणजे चुरा शटरच्या पडद्यावर न पडता खाली पडेल. लाकडी दातकोरणीने फोम खरवडा. धातूचे टोक लावले की रंग निघतो आणि खाचेला ओरखडे पडतात. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसा. ओलसर म्हणजे ओलसरच, थेंब गळता कामा नये. शटरच्या पडद्याला काहीही लावू नका.

नव्या फोमची जाडी अंदाजाने ठरवू नका. जुन्या पट्टीचा दबला न गेलेला एखादा कोपरा सापडतो, तिथे मोजा. खाचांना बहुधा 1.5 ते 2 मिमी लागतो. जाड फोम घातला तर दार बंद होते, पण कडी ताणलेली राहते आणि कधीतरी आपोआप उघडते. गोंद लावलेली पट्टी खाचेत वाकडी चिकटली की ओढून काढताना फाटते. म्हणून चिकट बाजूवरून पाण्याचे ओले बोट फिरवा. गोंद काही मिनिटे पकडत नाही, तेवढ्यात पट्टी सरकवून सरळ करता येते. बिजागराकडची पट्टी विसरू नका, सर्वाधिक गळती तिथूनच होते.

आरसा जिथे आपटतो तिथलाही फोम एव्हाना गेला असेल. तो काढताना फोकसिंग स्क्रीन कागदाने झाका. ती प्लॅस्टिकची असेल तर अल्कोहोलने धुरकट होते आणि तो डाग निघत नाही.

प्रश्न: हेलिओस 44-2 ही जुनी लेन्स (58 मिमी, एम42 हा स्क्रूचा माउंट) सोनीच्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) छान चालते, पण निकॉनच्या डीएसएलआरवर (डिजिटल एसएलआरवर) दूरचे डोंगर स्पष्ट येतच नाहीत. अ‍ॅडॅप्टर बदलू का?

बदलून उपयोग नाही. लेन्सच्या बसणीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटचे (लेन्स जोडण्याच्या रचनेचे) ठरलेले असते. एम42 चे 45.46 मिमी, सोनी ई चे 18 मिमी, फरक 27.46 मिमी, तेवढ्याच लांबीची पोकळ नळी म्हणजे तुमचा अ‍ॅडॅप्टर. निकॉन एफ चे अंतर 46.5 मिमी, म्हणजे एम42 पेक्षा 1.04 मिमी जास्त. नुसती लेन्स टेकवली तरी ती सेन्सरपासून जरुरीपेक्षा दूरच राहणार आणि इन्फिनिटी (अतिदूरच्या वस्तूंवरचा फोकस) हुकणार. काच घातलेले अ‍ॅडॅप्टर ती भरपाई करतात, पण ती काच म्हणजे एक लहानसा टेलिकन्व्हर्टरच (प्रतिमा मोठी करणारी जोडलेन्स). उघड्या छिद्रावर प्रतिमा मऊ पडते. डीएसएलआरच हवा असेल तर कॅनन ईएफ (44 मिमी) चालतो, तिथे 1.46 मिमी जाडीची चकती पुरते. फुल फ्रेम (35 मिमी फ्रेमएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर काही जुन्या लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला आरशाला घासतो, म्हणून पहिल्यांदा लाइव्ह व्ह्यूमध्ये (आरसा वर ठेवून मागच्या स्क्रीनवर) पाहा.

तुमच्या चालणाऱ्या अ‍ॅडॅप्टरबद्दलही एक सांगायला हवे. बहुतेक अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात, म्हणजे इन्फिनिटी हमखास मिळते. पण मग लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात. अ‍ॅडॅप्टर 0.1 मिमीने आखूड असला तर 58 मिमी लेन्सवर इन्फिनिटी सुमारे 34 मीटरच्या खुणेपाशी येते. फारसे बिघडत नाही. त्याच अ‍ॅडॅप्टरवर 24 मिमी लेन्स लावली तर इन्फिनिटी 6 मीटरच्याही आत सरकते आणि खुणा पाहून फोकस करणे निरर्थक होते. दूरच्या मनोऱ्यावर मॅग्निफायर लावून खरी जागा शोधा आणि बॅरलवर बारीक खूण करून ठेवा.

बॉडीतले स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची सेन्सर हलवून भरपाई) वापरत असाल तर मेन्यूत फोकल लेंग्थ 58 भरा. जुन्या लेन्सकडून बॉडीला काही कळत नाही. आधीच्या लेन्सचे 135 तसेच राहिले तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो हललेला येतो.

प्रश्न: फिल्मचा नवा कोरा कॅमेरा हवा आहे. पेंटॅक्स 17 घ्यावा का?

2024 मध्ये आलेला हा हाफ फ्रेम (नेहमीच्या निम्म्या फ्रेमचा) कॅमेरा आहे: फ्रेम 17×24 मिमी, लेन्स 25 मिमी एफ/3.5. 36 च्या रोलमध्ये 72 फोटो बसतात. फोकस आपोआप होत नाही, सहा टप्प्यांच्या कड्यावर अंतर निवडावे लागते. सर्वांत जवळचा टप्पा 25 सेंमीचा आहे आणि तिथे अंदाज चालत नाही, मोजावेच लागते. शटर आणि छिद्र दोन्ही हातांनी ठरवण्याची सोय नाही. तुम्हाला तेच शिकायचे असेल, तर एखादा तपासून घेतलेला जुना एसएलआर घ्या. रोज खिशात ठेवून भरपूर फोटो काढायचे असतील, तर हा चांगला आहे. फ्रेम लहान म्हणून फिल्मचा दाणा मोठा दिसतो. 400 ऐवजी 100 किंवा 200 आयएसओची फिल्म घाला.

प्रश्न: निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्याने कॉपी करतो. मध्यभाग स्पष्ट, कोपरे मऊ. रंगही निळसर येतात.

कोपऱ्यांचे कारण बहुधा समांतरता. फिल्मच्या जागी लहान सपाट आरसा ठेवा आणि लेन्समधून पाहा. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत स्टँड किंवा त्यावरचे कॅमेरा धरणारे डोके हलवा. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही रीत अचूक आहे. त्यानंतरही कोपरे मऊ असतील तर फिल्म वाकलेली आहे; होल्डर बदला किंवा पट्ट्या काही दिवस जड पुस्तकाखाली ठेवा. मॅक्रो लेन्स एफ/8 वर, आयएसओ 100, सेल्फ टायमर. इमल्शनची (प्रकाश टिपणाऱ्या थराची) निस्तेज बाजू लेन्सकडे ठेवा आणि मग फोटो आडवा उलटवा. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर 1:1 ने कॉपी केली की इंचाला सुमारे 4,200 पिक्सेल मिळतात. 35 मिमी फिल्मला एवढे पुष्कळ झाले.

निळसरपणा नारिंगी पायामुळे. रंगीत निगेटिव्हचा मोकळा पाया नारिंगी असतो, निगेटिव्हचे रंग उलटवले की तोच निळा होतो. दोन फ्रेममधल्या मोकळ्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स घ्या, रॉमध्ये (सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा आणि मग लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलचे कर्व्ह वेगवेगळे लावा. प्रकाशपेटीचा सीआरआय (तिच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 च्या वर असावा. फ्रेमभोवतीची उघडी पेटी काळ्या कागदाने झाका. तिथून येणारा प्रकाश लेन्समध्ये पसरतो आणि फोटो फिकट होतो. एक अपवाद लक्षात असू द्या: 2023 च्या शेवटी आलेल्या हार्मन फिनिक्स 200 या रंगीत फिल्मला नारिंगी पाया नाही, त्यामुळे नेहमीचा प्रीसेट (साठवलेले सेटिंग) तिच्यावर चालत नाही.

प्रश्न: रात्री एचपी5 प्लसवर मीटरने 10 सेकंद सांगितले, तेवढेच दिले, तरी फ्रेम अंधारी.

एका सेकंदापेक्षा जास्त वेळाला फिल्मची संवेदनशीलता घटते. इल्फर्डने प्रत्येक फिल्मचा घातांक दिला आहे. एचपी5 प्लसचा 1.31. मीटरच्या वेळेचा तेवढा घात घ्यायचा: 10 सेकंदांचे सुमारे 20 होतात, 30 सेकंदांचे सुमारे 86. एफपी4 प्लसचा घातांक 1.26 आहे, तिथे 10 चे 18 पुरतात. लांब एक्स्पोजरला कॉन्ट्रास्टही वाढतो, म्हणून सगळा रोल रात्रीचाच असेल तर डेव्हलपिंग दहा टक्क्यांनी कमी करा.