अर्धशिशीची रोजची गोळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३६, भांडुपला राहते, शाळेत शिकवते. महिन्यातून सात-आठ वेळा अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. पंधरा दिवस झाले, काडीचा फरक नाही. केमिस्ट म्हणतो, ही तर बीपीची गोळी! मला बीपी नाही. ती सोडून नेहमीची कॅफिनवाली डोकेदुखीची गोळीच घेऊ का? ती महिन्यातले बारा-तेरा दिवस लागतेच. (लहानपणी दमा होता, आता नाही. डॉक्टरांना सांगायचं राहिलं.)

उत्तर : कंसातलं आधी. प्रोप्रॅनोलॉल हृदयाची गती कमी करतं, तसंच श्वासनलिकाही आकसवू शकतं. म्हणून दमा असलेल्याला किंवा पूर्वी होऊन गेलेल्याला ते देत नाहीत. आजच डॉक्टरांना फोन करून सांगा, बहुधा ते औषध बदलतील. दम लागत असेल, छातीत घरघर होत असेल तर पुढची गोळी घेऊ नका, थेट इस्पितळ गाठा.

केमिस्टचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. १९६० च्या दशकात हृदयविकाराच्या छातीदुखीसाठी हे औषध घेणाऱ्यांची अर्धशिशी कमी झाल्याचं लक्षात आलं, तेव्हापासून ते बीपी नसणाऱ्यांनाही देतात. पण ही गोळी वेदनाशामक नव्हे. उठलेलं डोकं ती उतरवत नाही, पुढचं उठू नये म्हणून ती रोज घ्यायची. सुरुवात ४० मिलिग्रॅमच्या आसपास होते, मग गरजेप्रमाणे हळूहळू दिवसाला ८० ते १६० पर्यंत नेतात. योग्य मात्रेवर पोचल्यावर किमान आठ आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये, मग औषध हे असो की बदलून मिळालेलं. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात. शून्याची वाट बघू नका.

मात्रा वाढवण्याआधी बसून मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ५० च्या खाली असेल किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि मनानं एकदम बंद करू नका. हृदय अचानक मोकळं सुटतं, धडधड होते, बीपी उसळतं. त्यामुळे डॉक्टर सहसा एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत बंद करतात. (दमा उठला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाट पाहायची नाही.) एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

खरी काळजी आहे ती तुमच्या ‘नेहमीच्या’ गोळीची. कॅफिन मिसळलेली संयुक्त गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. साध्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा १५ दिवसांची आहे. तुम्ही बारा-तेरावर आहात, आणि अशा वेळी प्रतिबंधक औषधाचा परिणामही झाकोळून जातो. कालनिर्णयच्या चौकटीत रोज लिहा : डोकं दुखलं का, किती तास, गोळी घेतली का, पाळी. पुढच्या भेटीला तेच पान फाडून न्या. ‘खूप दुखतं’पेक्षा डॉक्टरांना ते जास्त सांगतं.

प्रश्न : वय २७, अंधेरीला नोकरी. टोपिरामेट २५ दर आठवड्याला एक-एक वाढवायला सांगितलं होतं. लवकर बरं वाटावं म्हणून चार दिवसांतच पूर्ण मात्रेवर गेले. आता बोटांना मुंग्या येतात, मीटिंगमध्ये साधे शब्द आठवत नाहीत, सोडा बेचव लागतो. डिसेंबरात लग्न आहे.

उत्तर : घाई नडली. नेहमीचा क्रम असा : पहिला आठवडा रात्री २५ मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला २५ वाढवत चौथ्या आठवड्यात ५० सकाळी, ५० रात्री. शब्द अडकणं मात्रेशी बांधलेलं असतं. डॉक्टरांना विचारून एक-दोन पायऱ्या खाली या, बहुतेकदा सुटतं. मुंग्या येणं आणि सोडा बेचव लागणं, दोन्हींना घाबरायचं कारण नाही. डोळा अचानक दुखून अंधुक दिसू लागलं तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. सुरुवातीच्या महिन्यात हा धोका जास्त.

या औषधाने मूतखडा होऊ शकतो, म्हणून दिवसभर भरपूर पाणी हवं. लोकलमध्ये सोय नाही म्हणून ऑफिसला निघेपर्यंत घोटही न घेणाऱ्या मुली इथेच फसतात. निदान ऑफिसात पोचल्यावर बाटली संपवा. घामही कमी येतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात जपा.

लग्नाचं म्हणाल तर, पहिल्या काही महिन्यांत पोटातल्या बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका हे औषध वाढवतं. ते चालू असेपर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन हवं, आणि मूल हवं असेल तर आधी औषध बदलून मगच. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा चमकणारे ठिपके दिसत असतील तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी टाळा, पक्षाघाताचा धोका वाढतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञाला आपणहून सांगा, विचारतीलच असं नाही.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, बोरिवलीला असतात. वर्षभर फ्लुनारिझिन १० रोज रात्री घेतात. हल्ली चाल मंदावली, हात थरथरतो. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : सोडून देऊ नका, याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. फ्लुनारिझिनने, विशेषतः वय झालेल्यांना, कंपवातासारखी लक्षणं येतात. मन खचणं, वजन वाढणं, गुंगी हेही होतं. म्हणून हे औषध साधारण सहा महिन्यांनी थांबवून पाहायचं असतं. वर्षभर जुनी चिठ्ठी दाखवून आणत राहणं हीच गफलत. औषध बंद केल्यावर थरथर बहुतेकदा उतरते, पण आठवडे-महिने लागतात. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. जाताना रिकामी पट्टी नक्की न्या : बाजारात प्रोप्रॅनोलॉल ४० आणि फ्लुनारिझिन १० एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. वडील तीच घेत असतील तर प्रोप्रॅनोलॉलही एका झटक्यात सुटेल, तेव्हा ती कशी उतरवायची हे तिथेच लिहून घ्या.